ओगादेन : कुरणांना पडलेला लष्करी वेढा

इथिओपियाच्या पूर्वेकडचा ओगादेन हा रखरखीत मुलूख. वस्ती मुख्यतः सोमाली पशुपालकांची, सत्ता अदिस अबाबाची. १९७७-७८मध्ये सोमालियाने युद्ध करून तो घेऊ पाहिला आणि हरला. १९८४मध्ये ओगादेन राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली.

एप्रिल २००७मध्ये आघाडीने अबोले इथल्या तेलशोध तळावर हल्ला केला. नऊ चिनी कामगारांसह सत्तरच्या वर माणसे मारली गेली. हे हत्याकांडच होते. पण इथिओपियाच्या लष्कराने सूड उगवला तो गावकऱ्यांवर. ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या २००८च्या अहवालात जाळलेली गावे, हत्या, बलात्कार आणि कोठडीतील छळ यांची नोंद आहे. सरकारने आरोप फेटाळले. उपग्रहचित्रांत मात्र जळालेल्या वस्त्या दिसत होत्या.

त्याहून खोल घाव लष्कराने लादलेल्या व्यापारबंदीचा होता. इथली माणसे उंट-शेळ्या विकून तांदूळ, साखर, धान्य आणतात. वाहतूक थांबली, जनावरे विकता येईनात, चराईवर आणि विहिरींवर निर्बंध आले, की बंदूक न चालवताही उपासमार घडवता येते. जुलै २००७मध्ये रेड क्रॉसलाही हाकलून दिल्याने पाहणारे डोळेही कमी झाले.

पुढे जिजिगा शहरातला ‘जेल ओगादेन’ हा तुरुंग छळासाठी कुप्रसिद्ध झाला. २०१८मध्ये तो बंद झाला आणि त्याच वर्षी आघाडीशी शांतता करारही झाला. गावे जाळण्याचे हुकूम देणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचा हिशेब त्या कराराने चुकता केला नाही.