फर्नेसचा पंखा थांबत नाही तेव्हा

अमेरिकेत किंवा कॅनडात मुलांकडे हिवाळा काढून आलेल्या आईवडिलांना बेसमेंटमधून येणारी ती घरघर चांगलीच ओळखीची असते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ऊब मागतो, खाली गॅसची फर्नेस पेटते आणि तिचा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, पत्र्याच्या डक्टमधून गरम हवा खोल्याखोल्यांत पोचवतो. घर पुरेसं तापलं की सगळं शांत. पण एखाद्या रात्री ते शांत होतच नाही. बर्नर कधीच विझलेले असतात, जमिनीतल्या जाळीतून गार झुळूक पायांवर येत असते आणि पंखा मात्र चालूच.

बर्नर विझल्याबरोबर पंखा थांबत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ज्योतीचा ताप ज्या धातूच्या पोकळीत साठतो, तो हीट एक्स्चेंजर निवेपर्यंत पंखा दीड-दोन मिनिटं, काही फर्नेसमध्ये तीन मिनिटंही फिरतो. गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा काही वेळ चालू राहतो, तसंच हे. पाच मिनिटं उलटूनही पंखा थांबला नाही, तर मात्र शोध घ्यावा लागतो. हा शोध एकाच प्रश्नाचा असतो: पंख्याला हुकूम देतंय कोण?

पूर्वी हा हुकूम माणूस देत असे. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात प्रत्येक वर्गातलं तापमान पाहायला शिपाई येई आणि तळघरात जाऊन झडपा कमीजास्त करी. तिथले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी यावर उपाय म्हणून विजेवर चालणारा थर्मोस्टॅट बनवला आणि १८८३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून हुकूम भिंतीवरून येऊ लागला. म्हणून तपासाची सुरुवातही भिंतीपासूनच करायची.

थर्मोस्टॅटवर पंख्यासाठी 'ऑन' आणि 'ऑटो' अशा दोन खुणा असतात. 'ऑन'वर पंखा अखंड चालतो, 'ऑटो'वर गरजेपुरता. पाहुण्यांचा किंवा लहान मुलाचा हात लागून तो खटका सरकतो आणि मेकॅनिकला फोन जातो! स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये तासातून काही मिनिटं हवा खेळती ठेवण्याचीही सोय असते, तीही पाहून घ्यावी. हवा सारखी फिरती राहावी म्हणून काही घरांत पंखा मुद्दामच चालू ठेवतात. नव्या मोटरला मंद वेगात वीज फारशी लागत नाही. जुनी मोटर मात्र ४००-५०० वॅट खाते, म्हणजे दिवसाला दहा-बारा युनिट.

खटका 'ऑटो'वर असूनही पंखा चालूच असेल, तर घरात ऊब नीट येते की नाही ते पाहावं. पुढची दिशा त्यावरूनच ठरते.

ऊब व्यवस्थित येत असेल, तर दोष बहुधा हुकमाच्या वाटेवर असतो. थर्मोस्टॅटपासून फर्नेसपर्यंत २४ व्होल्टच्या बारीक वायरी जातात. त्यांतली 'जी' अक्षराच्या टोकाला लावलेली, बहुधा हिरवी, वायर पंख्याची. फर्नेसचा वीजपुरवठा बंद करून थर्मोस्टॅट भिंतीवरच्या पट्टीवरून काढायचा आणि पुरवठा पुन्हा चालू करायचा. पंखा गप्प राहिला, तर बिघाड थर्मोस्टॅटचा. फिरू लागला, तर पुरवठा पुन्हा तोडून फर्नेसमधल्या कंट्रोल बोर्डावरची 'जी' वायर सोडवून पाहायची. आता थांबला, तर मधे कुठेतरी वायरी सोलवटून एकमेकींना चिकटल्या आहेत. तरीही थांबला नाही, तर बोर्डावरचा रिले, म्हणजे पंख्याची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, अडकलेला असण्याची शक्यता दाट. मग बोर्ड बदलावा लागतो आणि ते काम जाणकाराचं.

पंखा चालू आणि हवा गार, ही गोष्ट जास्त गंभीर. इथे हुकूम देतो तो लिमिट स्विच. फिल्टर धुळीने बुजला किंवा जाळ्यांवर सोफे-गालिचे आले, की हवा पुरेशी वाहत नाही आणि हीट एक्स्चेंजर नको इतका तापतो. मग लिमिट स्विच गॅस तोडतो आणि बोर्ड पंखा चालू ठेवून ती धग बाहेर काढत राहतो. फर्नेस स्वतःला वाचवत असते. कित्येकदा एक इंच जाडीचा साधा फिल्टर बदलताच सगळं सुरळीत होतं. तो उजेडासमोर धरून आरपार दिसत नसेल, तर टाकून द्यावा. एरवीही एक ते तीन महिन्यांत बदलावाच. स्विच स्वतःच बिघडला असेल, तर गार फर्नेसही बोर्डाला तापलेलीच वाटते. मग पंखा फिरत राहतो आणि बर्नर पेटतच नाहीत.

बोर्ड बोलतोही. फर्नेसच्या खालच्या दारात बटणाएवढी काच असते, तिच्यामागे एक दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. त्या उघडझापीचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात दिलेला असतो. ती आधी मोजावी, कारण काही बोर्डांवर वीज तोडली की खूण पुसली जाते.

जुन्या फर्नेसमध्ये पंख्याला हुकूम देण्याचं आणि अतिताप रोखण्याचं काम तबकडीचा फॅन-लिमिट स्विच करतो. त्यावरचं पांढरं बटण आत दाबलं गेलं असेल, तर पंखा कायम चालतो. बाहेर ओढलं की पुन्हा आपोआप चालू-बंद होऊ लागतो. तबकडी हाताने फिरवू नये, तिचं गणित बिघडतं.

दिव्याची खूण रोलआउट स्विचकडे बोट दाखवत असेल, तर हात लावू नये. ज्वाळा बर्नरच्या जागेबाहेर आल्याची ती सूचना असते. धुराची वाट तुंबलेली किंवा हीट एक्स्चेंजर तडकलेला असू शकतो आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही. अशा वेळी फर्नेस बंद करून मेकॅनिकलाच बोलवावं. ऊब यावी म्हणून लिमिट किंवा रोलआउट स्विचला वायरीचा तुकडा जोडून बगल देणं हा जिवाशी खेळ आहे. कुणीही सुचवलं तरी तो करू नये. आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर तो आजच बसवून घ्यावा.