पऱ्हाटीचा हिशेब

कापसाची अखेरची वेचणी आटोपली की राळेगाव तालुक्याच्या शिवारांत पऱ्हाट्या उपटण्यास आरंभ होतो. काही चुलीसाठी घरी जातात, काही कुंपणाला लागतात आणि उरलेल्या धुऱ्यावर पेटविल्या जातात. यांतून इथेनॉल निघेल व शेतकऱ्यास दुसरे उत्पन्न लाभेल, असे हल्ली सांगितले जाते. कल्पना त्याज्य नाही. परंतु हिशेब मांडण्यापूर्वी पऱ्हाटीची जात ओळखली पाहिजे.

बोंडातील कापूस आणि पऱ्हाटी एकाच झाडाची. दोहोंत सेल्युलोज आहे. कापूस तर जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजविणारी एक बुरशी सापडली. सेल्युलोजची साखर करणारी विकरे, म्हणजे विघटन घडविणारी प्रथिने, पुढे कारखान्यांनी मुख्यत्वे तिच्याच वंशातून मिळविली. परंतु कापड फस्त करणारी ही विकरे पऱ्हाटीपुढे हतबल ठरतात, कारण पऱ्हाटी हे लाकूड आहे. तिच्यातील लिग्निन तंतूंना सांधते, विकरांची वाट अडविते आणि त्यांना स्वतःस चिकटवून निकामीही करते. तंतूंतील छिद्रेही अपुरी पडतात. म्हणून आधी वाफ, आम्ल वा अल्कली यांच्या साहाय्याने लाकूड उकलावे लागते. आणि उकललेला तंतू वाळू दिल्यास छिद्रे पुन्हा मिटतात. खर्चाची मेख येथेच आहे.

पानिपत येथे 2022 साली उद्घाटन झालेला इंडियन ऑइलचा प्रकल्प भाताच्या पेंढ्यासाठी उभारलेला आहे. पेंढा हे गवत. त्यात लिग्निन कमी. तेथील आकडे जसेच्या तसे राळेगावी लागू करणे ही आत्मवंचना ठरेल. उकलण्याचा वाढीव खर्च आणि हलक्या पण जागा अडविणाऱ्या मालाची वाहतूक कारखानदार स्वतःच्या नफ्यातून भागविणार नाही. तो पऱ्हाटीच्या भावातूनच कापला जाईल. उपटणावळ मात्र शेतकऱ्याच्याच माथी राहील.

यास पर्याय आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून भुशाच्या फळ्या करण्याचे तंत्र विकसित केले आहे. विकरास अडसर ठरणारा काठिण्याचा गुण तेथे उपयोगी पडतो. तेव्हा गावोगावी सहकारी तत्त्वावर पऱ्हाटीचे तुकडे करण्याची सोय, कोरड्या वजनावर ठरणारा भाव आणि आधी फळ्या, मग इथेनॉल, असा क्रम शासनाने स्वीकारावा. रुईतील नफा आमच्या हातून गेला. निदान पऱ्हाटीचा तरी हिशेब शेतकऱ्याच्या बांधावरून सुरू व्हावा.