पेटी की पिशवी?

मोटरसायकलवरून लांब जाणाऱ्यांमध्ये काही वाद कधीच मिटत नाहीत. चेन की शाफ्ट, ट्यूब की ट्यूबलेस आणि सामान कडक पेटीत की कापडी बॅगेत. यातला तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात पैसा, हौस आणि पायाचं हाड अशा तिन्ही गोष्टी पणाला लागतात. गेल्या पंचेचाळीस वर्षांत या वादाचं पारडं कसकसं फिरलं हे पाहिलं, की आज निवड करणं बरंच सोपं होतं.

सुरुवात 1980 पासून करावी लागते. त्या वर्षी बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस आणली. हायवेवर दिवसभर पळणारी आणि डांबर संपलं तरी न थांबणारी 800 सीसीची गाडी तेव्हा नवलाचीच होती. 1981 मध्ये ह्युबेर ओरिओलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डकार रॅली जिंकली आणि वाळवंट साध्या स्वारांच्याही स्वप्नात येऊ लागलं. पण कारखान्याच्या संघातल्या स्वाराचं सामान मागून ट्रकमधून येतं. हौशी स्वाराला तंबू, स्टोव्ह, ट्यूब, पाने-पक्कड आणि महिनोन्‌महिन्यांचे कपडे स्वतःच्याच गाडीवर लादावे लागतात. टूरिंगच्या गाड्यांना त्या काळी प्लास्टिकच्या पेट्या मिळत. डांबरावर त्या उत्तम चालत, दगडांवर आपटल्या की तडकत.

काही स्वारांनी मग स्वतःच पत्रा कापायला घेतला. इंग्लंडची एल्स्पेथ बिअर्ड 1982 मध्ये बीएमडब्ल्यू आर 60/6 घेऊन जगाच्या फेरीला एकटी निघाली. सिडनीत तिने काम करून पैसे जमवले आणि तिथेच ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट ठोकून कुलपाच्या पेट्या तयार केल्या. त्याच गाडीवरून ती पुढे भारत आणि नेपाळही फिरली. एकट्या बाईला रोज नव्या गावात गाडी उभी करून खोली शोधायला जायचं असेल, तर कुलूप ही चैन नसते. कडक पेटीची सगळ्यात मोठी पुण्याई आजही हीच आहे.

जे तिने हाताने केलं, त्याचा पुढे उद्योग झाला. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या भागात 1990 मध्ये टूराटेक ही कंपनी सुरू झाली आणि तिच्या ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेट्या लांबच्या प्रवासाची खूण बनल्या. 2004 मध्ये इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे नट मोटरसायकलींवरून लंडनहून मंगोलिया, सायबेरियामार्गे न्यूयॉर्कला गेले. त्या प्रवासाची ‘लाँग वे राउंड’ ही मालिका जगभर पाहिली गेली. पेट्या लावलेली आर 1150 जीएस ॲडव्हेंचर हेच साहसाचं चित्र, असं एका पिढीच्या मनात तिने ठसवलं. त्याच मालिकेत मंगोलियाच्या दलदलीत त्या लादलेल्या गाड्या पुनःपुन्हा आडव्या होताना दिसतात. कॅमेरामन क्लॉडिओ फॉन प्लांटाची बीएमडब्ल्यू मोडली, तेव्हा त्याच्यासाठी तिथेच एक साधी रशियन मोटरसायकल घेतली गेली आणि ती त्या मातीत बरी चालली. पेट्यांचं चित्र सगळ्यांनी उचललं. चिखलातला धडा मात्र मागे राहिला.

आपल्याकडची वाट वेगळी होती. दुचाकीच्या दोन्ही बाजूंना सारखं आणि खाली वजन लावायची विद्या आपल्या दूधवाल्यांना कधीपासूनच येते. पण हौसेने दूर जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांकडे असायची रेक्झिनची सॅडलबॅग, कॉलेजची सॅक, वरून प्लास्टिकचा कागद आणि बंजी कॉर्ड. ते कापडी सामान निवडलेलं नव्हतं, ऐपत तेवढीच होती. बुलेटवाल्यांनी दिल्लीच्या करोल बागेतून लोखंडी ‘लडाख कॅरिअर’ आणून बसवलं, त्यावर जेरीकॅन बांधले. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 2020 मध्ये चाकणला बनणारी केटीएम 390 ॲडव्हेंचर आली आणि ॲल्युमिनियमच्या पेट्या आपल्याही आवाक्यात आल्या. मग काही वर्षं पेटीशिवाय लडाख म्हणजे जणू अपुरी तयारी, असं वातावरण होतं.

लडाखच्या रस्त्याने या समजाची परीक्षा घेतली. सरचू सोडून गाटा लूप्सची एकवीस वळणं चढून पांगच्या दिशेने जाताना आमच्यातल्या एकाची हिमालयन खडीत अगदी चालण्याच्या वेगात आडवी झाली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. डावी पेटी मात्र कोपऱ्यावर चेपली, तोंड वाकडं झालं आणि झाकण बसेना. एकाने बाहेरून दगडाचा टेकू दिला, दुसऱ्याने आतून दुसऱ्या दगडाने ठोकलं, शेवटी पट्टा आवळून झाकण दाबून ठेवलं. संध्याकाळी उघडली तेव्हा आतल्या प्रत्येक कपड्यावर पिठासारखी धूळ होती. शिवाय दिवसभराच्या हादऱ्यांनी डबे पत्र्यावर घासून ॲल्युमिनियमची काळी भुकटी झाली होती. ती पांढऱ्या बनियनवरून काही केल्या निघत नाही.

ही नुकसानी तरी दिसणारी. न दिसणारी अधिक महत्त्वाची आहे. मोठ्या पेट्यांची रिकामी जोडी रॅकसकट 15 किलोच्या घरात सहज जाते, कापडी जोडीचं काम साधारण निम्म्यात होतं. पेट्या लावल्यावर मोठ्या गाडीची रुंदी मीटरभर होते. गाडी पडते तेव्हा पेटी जोर शोषत नाही, तो ती रॅकला देते, रॅक सबफ्रेमला, म्हणजे गाडीच्या मागच्या सांगाड्याला. सबफ्रेम वाकली की प्रवास तिथेच थांबू शकतो. याहून वाईट म्हणजे वाळूत किंवा चिखलात आपण तोल सावरायला पाय टेकतो. गाडी पुढे सरकते, पाय जागच्या जागी रुततो आणि मागून येणारी पेटी पोटरीवर चढते. घोट्याची आणि नडगीची हाडं अशीच मोडतात. कापडाची बॅग तिथे दबते, वाकते आणि पाय सुटतो.

कापडी बॅगाही दरम्यान जुन्या रेक्झिनच्या राहिल्या नव्हत्या. जर्मनीत हार्टमुट ऑर्टलीबने 1982 मध्ये ट्रकच्या ताडपत्रीसारख्या कापडातून सायकलच्या जलरोधक बॅगा बनवायला सुरुवात केली होती. तोंड तीन-चार घड्या घालून गुंडाळायचं आणि बकल लावायचं, ही साधी युक्ती पुढे मोटरसायकलवरही आली. अमेरिकेत 2008 मध्ये जायंट लूप या कंपनीने घोड्याच्या नालेच्या आकाराची, रॅकशिवाय सीटवर बसणारी बॅग आणली. 2014 मध्ये मॉस्को मोटो ही बॅगांचीच आणखी एक कंपनी आली. कापडही बदललं. 1000 डेनिअर म्हणजे ज्या धाग्याचं 9,000 मीटरला एक किलो वजन भरतं तो धागा. त्याचं कापड खडीवर घासलं तरी सहसा फाटत नाही. आता बेंगळुरू-मुंबईतही अशा बॅगा चांगल्या बनतात. 2021 मध्ये बजाजने डॉमिनार 400 ला कारखान्यातूनच सॅडल स्टे द्यायला सुरुवात केली. दिसायला तो वाकवलेला पाइपच, पण बॅग चाकात आणि सायलेन्सरवर जाऊ न देण्याचं मोठं काम करतो.

म्हणून कापड निर्दोष ठरत नाही. सायलेन्सरला टेकलेली बॅग पाहता पाहता वितळते. पट्टे रोज सकाळी आणि दुपारी आवळावे लागतात. चिखलाने माखलेली बॅग हॉटेलच्या खोलीत न्यावी लागते, आणि ब्लेडपुढे कुठल्याच कापडाचा टिकाव लागत नाही. कुलपावर तरी किती भिस्त ठेवायची, हाही प्रश्न आहेच. 2025 मध्ये महाराष्ट्रातून निघून इंग्लंड गाठलेल्या एका स्वाराची अख्खी गाडीच नॉटिंगहॅममध्ये चोरांनी नेली, पासपोर्ट आणि सामानासकट. पासपोर्ट, पैसे आणि कागद अंगावरच हवेत, सामान कशातही असो.

मागे वळून पाहताना मला या सगळ्यात एक सूत्र दिसतं. आधी आपण ऐपतीपायी कापड वापरलं, मग हौसेने पत्रा लावला, आणि आता अनेक जण अनुभवाने पुन्हा कापडाकडे वळताहेत. तिन्ही वेळा खरा प्रश्न एकच होता: गाडी पडल्यावर तो मार कोणी खायचा? डांबराने, जोडीदाराबरोबर, रोज शहरात मुक्काम करत जाणाऱ्याने निःशंक पेट्या घ्याव्यात. तिथे पडण्यापेक्षा चोरीचा आणि पावसाचा धोका मोठा. स्पिती, झंस्कार किंवा कच्च्या रस्त्यावर, त्यातही एकट्याने जाणाऱ्याने बॅगाच घ्याव्यात. एकट्याला पडलेली गाडी स्वतः उचलायची असते आणि मोडलेला पाय घेऊन ती उचलता येत नाही. दोघांनीही खरेदीआधी सामानाची यादी करून तिच्यातलं एक-तृतीयांश खोडावं. पेटी असो वा पिशवी, कमी वजनाइतकी मदत दोन्हींपैकी कुणीच करत नाही.