भंगाराच्या गाळ्यातील अदृश्य माल

२०१० सालच्या फेब्रुवारी महिन्यात दिल्ली विद्यापीठाने सुमारे पंचवीस वर्षे वापराविना पडून असलेले एक जुने यंत्र लिलावात विकले. रसायनशास्त्राच्या प्रयोगांसाठी आणलेल्या या यंत्रात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य होते. यंत्र मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले, त्याचे शिशाचे जाड आवरण फोडण्यात आले आणि आतील धातूच्या बारीक कांड्या निरनिराळ्या गाळ्यांत विखुरल्या. एकाने तर त्यातील एक तुकडा खिशातील पाकिटात ठेवला होता. काही दिवसांतच माणसांची त्वचा काळवंडू लागली, केस गळू लागले, उलट्या सुरू झाल्या. एप्रिलच्या अखेरीस त्यांपैकी एका कामगाराचा मृत्यू झाला.

व्यापारात माल हातात घेऊन, वाजवून, वजनकाट्यावर चढवून पाहण्याची रीत आहे. कोबाल्ट-६० या तिन्ही परीक्षा सहज उत्तीर्ण होतो. त्याला वास नाही, रंग निराळा नाही, वजनात फरक नाही. मायापुरीत डॉक्टरांना लक्षणांवरून शंका आली म्हणून अणुऊर्जा नियामक मंडळाचे अधिकारी मोजणीची उपकरणे घेऊन गल्ल्यांतून फिरले, आणि मगच तुकडे एकेक करून सापडत गेले.

हे उपकरण मुळात साधे असते. गायगर नलिकेत वायू भरलेला असतो आणि उच्च विद्युतदाब दिलेला असतो. किरण आत शिरला की क्षणभर वीज वाहते आणि यंत्र ‘टिक्’ करते. अंतर दुप्पट केले की छोट्या स्रोताची तीव्रता चौथाईवर येते; म्हणूनच टिकटिक वाढत जाईल त्या दिशेने गेले असता स्रोत हाती लागतो. मात्र द्रव्य कोणते, हे ती नलिका सांगत नाही. त्यासाठी किरणांची ऊर्जा मोजणारे वर्णपटमापक लागते. कोबाल्ट-६० नेहमी दोन ठरावीक ऊर्जांचे गॅमा किरण सोडतो, १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे. बँकेत आम्ही धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहत असू, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की ही सही कोणालाही गिरवता येत नाही.

असा तुकडा गाळ्यात न सापडता थेट भट्टीत गेला तर? १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस येथील संशोधन केंद्राजवळून वाट चुकलेला एक ट्रक गेला आणि तेथील संवेदक वाजू लागला. ट्रकमध्ये बांधकामाच्या सळ्या होत्या. मेक्सिकोतील ह्वारेस शहरात कर्करोगावरील उपचाराचे जुने यंत्र भंगारात गेले होते, त्यातील कोबाल्ट पोलादात वितळला होता, आणि त्याच्या सळ्या व टेबलांचे पाय दूरवर विकले गेले होते. पुढे अनेक घरे पाडावी लागली. तो ट्रक वाट चुकला नसता तर, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

आपल्याही दाराशी हे घडले आहे. २००८ मध्ये फ्रान्समधील कारखान्यात भारतातून गेलेल्या उद्वाहकाच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळला. मालाचा माग रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या ओतशाळेपर्यंत आला. फ्रान्समधील सुमारे वीस कामगारांना १ ते ३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली होती. निसर्गातून, म्हणजे खडक, हवा व अंतराळातून, माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. तेव्हा मात्रा प्राणघातक नव्हती. पण परत आलेला माल आणि गेलेली पत यांचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

कोबाल्ट पोलादात मिसळतो, सीझियम-१३७ मात्र भट्टीच्या उष्णतेने वाफ होऊन धुरावाटे उडून जातो. १९९८ मध्ये स्पेनमधील अल्हेसिरास येथील पोलाद कारखान्यात सीझियमचा स्रोत वितळला. त्याची बातमी आधी दिली ती शेजारच्या देशांतील हवा गाळणाऱ्या केंद्रांनी. रोज हवेतील धूलिकण गाळून मोजण्याची त्यांची शिस्त होती, म्हणून नेहमीपेक्षा वाढलेला आकडा डोळ्यांत भरला.

या आधीच्या आकड्याला फार महत्त्व आहे. आरंभीची शिल्लक ठाऊक नसेल तर वर्षअखेरीची तफावत कळणार कशी? तारापूरची अणुभट्टी १९६९ मध्ये सुरू झाली, पण तेथील पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा त्याआधीच उभी राहिली होती. समुद्राचे पाणी, मासळी, दूध, भाजीपाला, माती यांचे नमुने तपासून नैसर्गिक पातळी नोंदवली जाते; पुढची प्रत्येक मोजणी तिच्याशी ताडायची.

परदेशातून भंगार आणताना सर्वसाधारणपणे माल जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात किरणोत्साराची मोजणीही येते. खरी उणीव देशातल्या देशात फिरणाऱ्या मालात आहे: बंद पडलेली रुग्णालये, जुन्या प्रयोगशाळा, कारखान्यांतील पातळीमापक. ज्यांचा धातूचा व्यवहार आहे त्यांनी एक हातमापक घेऊन मुनीमजी व हमाल दोघांनाही ते वापरायला शिकवावे. आकाराच्या मानाने अवाजवी जड डबा, त्यावर पिवळ्या पार्श्वभूमीवरील तीन पात्यांचे चिन्ह, शिशाचे आवरण, यांपैकी काहीही दिसले तर कापू नये, फोडू नये, गाडीत भरून दुसऱ्याकडे पाठवू नये. माणसे दूर करावीत, गाळा बंद करावा आणि पोलिसांना व मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावे.