‘फुल इन्शुरन्स’ आहे, तरी खिशातून पैसे का जातात? कार पॉलिसीत न वाचलेल्या ६ गोष्टी

मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात बारामती आणि इंदापूर तालुक्यांना पावसाने झोडपून काढलं. २५ मे रोजी पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी रस्त्यांवर, घरांत शिरलं. अशा वेळी दारातल्या गाडीकडे बघून आपण म्हणतो, “फुल इन्शुरन्स आहे, काळजी नाही.”

पण पॉलिसीच्या कागदावर ‘फुल इन्शुरन्स’ असा शब्दच नसतो. असतात दोन भाग. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण तो फक्त समोरच्याचं नुकसान भरून देतो. ओन डॅमेज ऐच्छिक असतो. पूर, आग, चोरी, अपघात यात तुमच्या गाडीचं नुकसान झालं, तर पैसे याच भागातून मिळतात. मग अडतं कुठे?

१. तीन वर्षांची पॉलिसी, पण अर्धीच
सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. ओन डॅमेज मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. दोन्हींची मुदत वेगवेगळी छापलेली असते, ती बघा.

२. पाण्यातलं इंजिन
पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केली आणि इंजिनात पाणी जाऊन ते बसलं, तर कंपन्या हा खर्च सहसा नाकारतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते असो वा नसो, पाण्यात गाडी बंद पडली की चावी फिरवू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या.

३. घसारा
साध्या पॉलिसीत बदललेल्या पार्टची पूर्ण किंमत मिळत नाही. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के कपात होते. पत्र्याच्या भागांची कपात गाडीच्या वयानुसार वाढते. समजा, साडेचार वर्षांच्या कारचा १२,००० रुपयांचा बंपर आणि १०,००० रुपयांचा दरवाजा बदलला. बंपरचे ६,००० आणि ३५ टक्के कपातीनंतर दरवाजाचे ६,५०० मिळतील. त्यातून १,००० रुपये सक्तीची वजावट (१५०० सीसीपर्यंतच्या कारला). म्हणजे २२,००० पैकी हातात ११,५००. ‘झिरो डेप’ कव्हर असेल तर ही घसाऱ्याची कपात टळते.

४. आयडीव्ही
गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम म्हणजे आयडीव्ही. हप्ता कमी दिसावा म्हणून ती कमी लावली जाते. चारशे-पाचशे रुपये वाचतात, पण क्लेमच्या वेळी हजारोंचा फटका बसतो.

५. पांढरी नंबरप्लेट आणि भाडं
पाहुण्यांना लग्नाला नेलं तर हरकत नाही. पण खासगी कारमध्ये पैसे घेऊन प्रवासी नेले आणि अपघात झाला, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. खासगी कारच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही.

६. जुनी गाडी, जुनं नाव
एमएच-४२ पासिंगची सेकंड-हँड गाडी घेतली, आरसीवर नाव चढलं, पण पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर? १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायला अर्ज करा. नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो नव्या मालकाला मिळत नाही. शिवाय मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर ५० टक्क्यांपर्यंत साठलेला बोनसही जातो.

क्लेम नाकारला तर?
नकाराचं कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपाल कार्यालयात वर्षभराच्या आत दाद मागता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

मोबाईलमधली पॉलिसीची पीडीएफ आजच उघडा. ओन डॅमेजची तारीख, आयडीव्ही, घेतलेली कव्हर्स आणि मालकाचं नाव, एवढं तपासायला दहा मिनिटं पुरतात. पाऊस आल्यावर मात्र त्यात काहीच बदलता येत नाही.