फोंडा घाटाच्या अल्याड-पल्याड

दाजीपूरच्या जंगलात धुकं उतरलेलं असताना गवा एकदम दिसत नाही. आधी नुसता काळा डाग दिसतो, मग खांद्यापासून पाठीवर गेलेली उंच कमान. गुडघ्याखालचे पांढरट पाय त्यानंतर कळतात आणि शिंगं सर्वांत शेवटी. १९५८ साली या गव्यांसाठीच इथे अभयारण्य झालं. पुढे ते वाढत वाढत ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य बनलं. अर्धअमूर्त चित्र म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला हा काळा डागच आठवतो. त्यात जनावर पुरतं असतं, फक्त तपशील उशिरा येतो.

कोल्हापूरची चित्रपरंपरा मात्र हुबेहूबपणाची. बाबूराव पेंटरांची व्यक्तिचित्रं ज्या घरांत लागली, तिथे चित्र म्हणजे माणूस ओळखू येणं, हीच कसोटी. तरीही याच गावात आबालाल रहिमान होते. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते परतले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले आणि १९३१ साली वारले. त्यांच्या निसर्गचित्रांत झाडापेक्षा झाडावरचा उजेड महत्त्वाचा होत जातो. तिथून पुढचं पाऊल मला घाटापलीकडे सापडतं.

राधानगरी, दाजीपूर आणि मग फोंडा घाट उतरून रस्ता कोकणात नि पुढे गोव्याकडे जातो. चित्रकार लक्ष्मण पै हे तिथल्या मडगावचे, जन्म १९२६ चा. मामांच्या फोटो स्टुडिओत ते लहानपणी छायाचित्रांवर हात फिरवायला शिकले. म्हणजे सुरुवात हुबेहूबपणापासूनच. जे. जे. मधलं शिक्षण झालं, गोवा मुक्तीच्या चळवळीत पोर्तुगीजांकडून अटक झाली, आणि १९५१ पासून दहा वर्षं पॅरिसमध्ये गेली. तिथे पॉल क्लेची चित्रं समोर होती. पण परक्या गावात राहून पैंनी रंगवलं ते गीतगोविंद. पुढे रागांवरच्या चित्रांची मालिका झाली, ऋतुसंहार झालं. ते स्वतः सतार, बासरी वाजवत.

मला मात्र त्यांच्या फुलांपाशी थांबावंसं वाटतं. बारीक, न तुटणारी रेष आणि तिच्या आत सपाट रंग. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे फूल सापडणार नाही. पण पाकळी उमलताना तिच्यात जो ताण असतो, तो त्या रेषेत नेमका असतो. पाकळीची कड वळता वळता गाल होते, पानाचं डोळ्यात रूपांतर होतं. पुरुष आणि प्रकृती यांची एकच वेल आहे, ही समजूत त्यांच्या हातातच होती. १९७७ ते १९८७ ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. २०१८ मध्ये पद्मभूषण मिळालं, २०२१ मध्ये ते गेले.

राधानगरीच्या सड्यांवर पावसाळा सरताना हीच शिकवणी उघड्यावर चालते. जांभ्या कातळावर सीतेची आसवं फुलतात, गेंदाचे पांढरे ठिपके उठतात. उभ्याने पाहिलं तर फूल दिसतच नाही, निळसर-जांभळा पट्टा दिसतो. गुडघे टेकले की पट्टा फुटतो आणि बोटाच्या पेराहून लहान एकेक फूल वेगळं होतं. चित्रकाराला या दोन्ही उंचींवरून पाहता आलं पाहिजे. कोल्हापुरात चित्रकला शिकणारी मुलं रंकाळ्यावर आणि पन्हाळ्यावर बोर्ड घेऊन बसतात. त्यांनी एकदा इथे यावं असं मला फार वाटतं.

गवा वळतो तेव्हा त्याचं धूड झाडीत आधी विरघळतं. काळ्यात काळं मिसळून जातं, आणि थोडा वेळ नुसते चार पांढरे पाय चालताना दिसतात.