शुल्क जुलैत, शिष्यवृत्ती केव्हा?

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर ही सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवतीची वसाहत. अशा गावांतील शेतकरी, कामगार व छोट्या दुकानदारांच्या मुलांना महाविद्यालयाचे शुल्क प्रवेशावेळी भरावे लागते. शिष्यवृत्ती मात्र पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर हाती येते. मधल्या महिन्यांत एखादा दागिना गहाण पडतो, क्वचित प्रवेशही सोडावा लागतो.

‘महाडीबीटी’वरील अर्ज आधी महाविद्यालय तपासते, मग संबंधित शासकीय विभाग. त्रुटी आढळल्यास तो विद्यार्थ्याकडे परत येतो आणि हे वेळेत न कळल्यास मुदत टळते. त्रुटी बहुधा किरकोळ असतात : आधारवरील व गुणपत्रिकेवरील नावांत फरक, उत्पन्नाचा जुना दाखला, आधारशी न जोडलेले बँक खाते. म्हणून बारावीच्या निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच तहसील कार्यालयाच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार तो ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. विलंब झाल्यास अपील करता येते.

जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाल्याने अल्पसंख्याकांच्या योजनांचाही विचार पालकांनी अवश्य करावा.

तरीही विलंब उरतोच. तेथे समाजाच्या विश्वस्त निधीने शुल्कापुरती बिनव्याजी उसनवार द्यावी. शिष्यवृत्ती जमा होताच ती रक्कम परत येईल आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रवेश राखील. विद्यादानाचा याहून टिकाऊ मार्ग विरळाच.